चिरूट म्हणजे तंबाखू नव्हे

तंबाखूवरचा कर वाढवला की माणसं तंबाखू सोडतात, अशी सरकारची समजूत आहे. सरकारनं आमच्या उगलेसाहेबांना पाहिलेलं नाही.

प्रभाकर उगले जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीत उत्पादन विभागाचे प्रमुख होते. मी त्यांच्या हाताखाली लागले, त्यांच्याकडून काम शिकले आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांचंच काम माझ्याकडे आलं. त्यामुळे त्यांच्याबद्दल मी सांगते ते ऐकीव नाही. त्यांचा चिरूट मी जवळून पाहिला आहे, आणि नाइलाजानं वर्षानुवर्षं हुंगलाही आहे. करवाढीनंतर त्या चिरुटापायी त्यांनी काय काय केलं, तेही पाहिलं. त्यात त्यांचं स्वतःचं फारसं काही बिघडलं नाही. बिघडला तो वडीगोद्रीचा मिरचीचा प्लॉट. तो त्यांच्या थोरल्या भावजयीचा, मंदावहिनींचा.

साहेब बुटके, जाड मानेचे. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी चिरूट. पेन ते दुसऱ्याकडून मागून घेत. चिरूट ओढण्याचा त्यांचा विधी ठरलेला होता. आधी तो नाकाखालून आडवा फिरवायचा. मग आमच्या कामाच्या पेटीतली बारीक कात्री मागायची आणि टोक कापायचं. मग काडी ओढायची, आणि चिरूट नीट पेटेपर्यंत समोरच्यानं बोलायचं नाही. समोर शेतकरी असला तर हे सगळं आणखी सावकाश चाले. आपला प्लॉट पास झाला की नाही, एवढंच विचारायला शहागडहून आलेला माणूस हातात टोपी घेऊन उभा असे आणि साहेब धुराकडे बघत बसत. धूर पंख्यापर्यंत पोचला की उत्तर मिळे. बहुतेक वेळा ते "बघू" एवढंच असे.

चिरूट आपल्या घराण्यात निजामाच्या अमदानीपासून आहे, असं ते नव्या माणसाला हटकून सांगत. मी एकदा वडीगोद्रीला गेले असताना मंदावहिनींना याबद्दल विचारलं. त्या हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "कशाचा चिरूट? मामंजी तंबाखू चुना मळायचे. ती बी दुसऱ्याला मागून."

आमचं काम काय, हे इथे सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मिरचीचं संकरित बियाणं तयार करताना मादी झाडाची कळी उमलायच्या आधीच चिमट्यानं उघडतात, तिच्यातले पुंकेसर काढून टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नर झाडाचे पराग लावतात. याला इकडे सगळे 'क्रॉसिंग' म्हणतात. शेडनेटमध्ये, म्हणजे हिरव्या जाळीच्या मांडवात, हे काम बायका करतात. एका बाईची बोटं दिवसभर एका झाडावरून दुसऱ्या झाडावर फिरत असतात. आणि तंबाखूत एक विषाणू असतो. पान वाळवलं, कुटलं, गुंडाळलं तरी तो टिकतो. बोटाला लागून आत आला की मिरचीत शिरतो. पानं चितकबरी होतात, शेंडा आखडतो, आणि पुढच्या झाडाला हात लागला की तेही गेलं. बीसुद्धा बाधतं. असा प्लॉट कंपनी घेत नाही. ज्याचा प्लॉट असा गेला त्याला पुढच्या हंगामात नर-मादीचं बियाणं द्यायलाही कचरते.

म्हणून साहेबांनी नियम केला होता, आणि नियम अगदी बरोबर होता. शेडनेटच्या दाराशी पाण्याची बादली आणि साबण. तंबाखूची चंची दाराबाहेर. हात कोपरापर्यंत धुवायचे. मग शाळेतल्या पोरींसारखे तळवे साहेबांपुढे धरायचे. साहेब एका हातात पेटलेला चिरूट धरून दुसऱ्या हाताच्या बोटानं "जा", "परत धू", "जा" असं करायचे. मंदावहिनींच्या प्लॉटवर सिंधूबाई नावाची एक जुनी कामकरीण आहे, क्रॉसिंगला तिच्यासारखा हात नाही. तिनं एकदा तळवे पुढे धरूनच विचारलं, "साहेब, आमच्या तंबाखूनं झाड मरतं, तं तुमच्यानं मरत न्हाई का?"

"चिरूट म्हणजे तंबाखू नव्हे, बाई," साहेब म्हणाले. "तो मुरवलेला माल असतो."

"मंग आमची बी मुरल्यालीच हाय," सिंधूबाई म्हणाली. "कमरंला बांधून बांधून."

बाया पदरात तोंड घालून हसल्या. साहेबांनी तिला परत हात धुवायला लावले.

त्यांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. साहेबांची नजर होती. दाराशी उभं राहून मांडवातलं एखादं भेसळीचं, म्हणजे दुसऱ्याच वाणाचं झाड ते नेमकं दाखवायचे, आणि जवळ जाऊन पाहिलं तर ते खरंच भेसळीचं निघे. दाराशीच उभं राहण्याचं कारण वेगळं होतं. आत चिरूट ओढता येत नव्हता. पण त्यामुळे का होईना, नोकरी असेपर्यंत त्यांचा हात कधी झाडाला लागला नाही, आणि वहिनींचा प्लॉट कधी नापास झाला नाही. थोरले भाऊ ऊस बघत. शेडनेट मात्र सगळं वहिनींचं. त्यांनीच ते उभं केलं, बाया त्यांनीच जमवल्या. कंपनीत आम्ही नव्या शेतकऱ्यांना प्लॉट कसा असावा हे दाखवायला वडीगोद्रीलाच नेत असू.

तर कर वाढला. साहेबांनी पहिलं काम केलं ते भाषणाचं. दुपारच्या चहाला सगळा विभाग जमलेला, आणि साहेब उभे राहून सांगत होते की या देशात शौक आणि व्यसन यातला फरक कुणाला कळत नाही. गुटखा खाऊन जिने रंगवणारे एका ओळीत आणि आपण त्याच ओळीत. बिडीवर हात हलका पडला याचा त्यांना विशेष राग होता. "बिडीला सोडलं अन् आम्हाला धरलं. शौक मारून राह्यले हे लोक, मॅडम. उद्या अत्तरावर लावतील."

मी म्हटलं, साहेब, मग सोडून द्या की. नाहीतरी डॉक्टर सांगतच आहेत.

वडिलोपार्जित जमीन विका म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सोडतात ते व्यसनी," ते म्हणाले. "मला व्यसनच न्हाई, तर सोडायचं काय?"

सरकारी हिशेबात अशा माणसाची कुठे सोय केलेली असते, मला माहीत नाही.

भाषणानंतर साठेबाजी. छत्रपती संभाजीनगरात एका दुकानदाराकडे जुन्या भावाचा माल उरला होता. प्लॉट पाहणीच्या नावाखाली कंपनीची गाडी तिकडे गेली आणि खोकी घेऊन परत आली. आता एवढे चिरूट ठेवायचे कुठे? घरी उगलेबाई ठेवू देणार नाहीत. साहेबांनी ते आमच्या बियाण्याच्या शीतगृहात ठेवले. "बियाणं वर्षानुवर्षं टिकतं तिथं," ते म्हणाले, "चिरूट न टिकायला काय झालं?" वर प्रत्येक खोक्यात त्यांनी ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या घातल्या, आपण बियाण्याच्या डब्यात घालतो तशा.

बियाण्याचा माणूस सगळ्या जगाकडे बियाणं म्हणूनच पाहतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. बियाण्याचा शत्रू ओलावा. आमचं शीतगृह म्हणजे नुसती थंड खोली नव्हे, तिथली हवा यंत्रानं कोरडी ठाक केलेली असते. बाहेर आल्यावर ओठ फुटतात. चिरुटाला मात्र जरा दमट हवा लागते, हे दुकानदाराच्या पोऱ्यालाही ठाऊक असेल. साहेबांना विचारायची गरज वाटली नव्हती. उन्हाळ्याच्या तोंडी आंध्रातले एक मोठे विक्रेते आले, तेव्हा साहेबांनी खास त्यांच्यासाठी शीतगृहातलं खोकं मागवलं. विधी सुरू झाला. नाकाखालून आडवा फिरवताना चिरुटाचं वरचं पान गळून टेबलावर पडलं. कात्री लावली तर टोक न कापता फुटलं. उरलेला भाग त्यांनी तसाच तोंडात धरला, आणि तो दातांखाली पापडासारखा मोडला. पाहुणे सभ्य होते. त्यांनी चहा मागितला.

साहेब म्हणाले, माल खराब निघाला.

मग त्यांनी उरलेली खोकी ओल्या फडक्यात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवली. उन्हाळ्याचे दिवस, बंद खण, ओलं फडकं. आठवड्यानं खण उघडला तर सगळीकडे हिरवट बुरशी. ती बुरशी कुठली, हे मात्र साहेबांनी पाहताक्षणी बरोबर ओळखलं. शास्त्रीय नावासकट.

साठा असा संपल्यावर काटकसर आली. नव्या भावाचा एकच चिरूट आणायचा, थोडा ओढून विझवायचा आणि पुन्हा खिशात ठेवायचा. विझवलेला चिरूट परत पेटवला की काय वास येतो, हे आमच्या विभागाइतकं कुणाला माहीत नसेल. शेवटी शेवटी तर ते पेटवतही नसत. नुसता बोटांत धरून बसत, सही करताना, फोनवर बोलताना, शेतकऱ्याला उभं ठेवताना. धूर नाही, बाकी सगळा थाट तसाच.

एकदा मी शहागडला गोदावरीच्या पुलाअलीकडे चहाला थांबले होते. टपरीमागे एका ट्रकच्या चाकाशी कुणीतरी पाठमोरं उकिडवं बसून बिडी ओढत होतं. जाड मान पाहून मला शंका आली. ड्रायव्हरनं दिलेली बिडी साहेब मुठीत लपवून ओढत होते, पोरं बापाला चोरून ओढतात तशी. मला बघून उठले. बिडी टाकली नाही. तिच्याकडे बारीक नजरेनं बघत म्हणाले, "नमुना पाहून राह्यलो, मॅडम. तुलनेसाठी."

मी विचारलं, कसा आहे नमुना?

"हलका," ते म्हणाले, आणि उरलेली संपवली.

पावसाळ्याच्या सुमाराला ते निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात पुढे काय करणार असं कुणीतरी विचारलं, तेव्हा साहेबांनी घोषणा केली की आपण तंबाखूची शेती करणार. विकायला नव्हे, स्वतःच्या चिरुटापुरती. आपल्या रानातलं पान, आपल्या हातानं वळलेलं, त्यावर कोण कर लावतो बघू. टाळ्या पडल्या. मंदावहिनी समारंभाला आल्या होत्या. त्यांनी टाळी वाजवली नाही.

अडचण अशी होती की भावाभावांची वाटणी झालेली. साहेबांच्या वाट्याचा तुकडा वहिनींच्या शेडनेटला लागूनच होता, मध्ये फक्त बांध. वहिनींनी त्यांना माझ्यासमोरच विचारलं, "भाऊजी, मिरचीच्या शेजारी तंबाखू नको, आसं तुम्हीच सांगत आल्ता ना?"

"नियम बायांच्या हातासाठी हाय, वहिनी. झाड काय बांध ओलांडून येतं का?"

हे शास्त्राला धरून बरोबर होतं. विषाणू वाऱ्यानं उडत नाही, त्याला हात लागतो. पण कंपनीच्या कागदात अंतराची अट होती, ती मी दाखवली. "मॅडम," ते म्हणाले, "ती अट मीच लिहिलेली हाय. तिचा अर्थ मला सांगू नका." जमीन त्यांची, पीक बेकायदा नाही. आम्ही दोघी काय करणार? वहिनींनी एवढंच वदवून घेतलं की ते शेडनेटमध्ये पाय ठेवणार नाहीत. ते "बिलकुल न्हाई" म्हणाले.

बी त्यांनी निपाणीकडच्या एका मित्राकडून मागवलं. तो कृषी महाविद्यालयातला त्यांचा वर्गमित्र, घरची तंबाखूचीच शेती. रोपं त्यांनी वाढवली मात्र झकास. दसऱ्याच्या आसपास लावली आणि दिवाळीनंतर मी पाहिली तेव्हा कमरेइतकी झाली होती, रुंद पानांची, काळीभोर. मग त्यांना फुलं आली. गुलाबी, नाजूक, तुतारीसारखी फुलं, प्रत्येक शेंड्यावर झुबकाच्या झुबका. साहेब खूश झाले. वडीगोद्रीच्या हायवेवरच्या दुकानदारांना बोलावून बोलावून ते फुलं दाखवू लागले. एकही फूल गळू नये म्हणून पाण्याच्या पाळ्या सांभाळू लागले. जन्मभर फुलं जपून बी घेतलेला माणूस, त्याला फूल म्हणजे पिकाचं सार्थक वाटणार.

मित्राचा फोन आला तेव्हा मी बांधावरच होते, आणि साहेब फोन नेहमीच अख्ख्या रानाला ऐकू जाईल असा लावतात. मित्रानं विचारलं, फुलं खुडलीस का वेळेवर? शेंडा खुडला की सगळी ताकद पानात उतरते, नाहीतर पान नुसतं फोलपट राहतं. साहेब हसले. म्हणाले, "सगळा जन्म दुसऱ्यांना फुलं जपायला शिकवलं. आता स्वतःची खुडू?"

मग मित्र म्हणाला, "मग आता बीच ओढ."

तरीही साहेबांनी खालची पानं तोडली, कांद्याच्या चाळीत टांगून वाळवली आणि मांडीवर चिरूट वळला. तो वाकडा होता आणि मधेच फुगलेला. मी आणि वहिनी समोर बसलो होतो. विधी पूर्ण झाला, धूर निघाला, आणि अंगणभर कडबा पेटल्याचा वास सुटला. वहिनींनी गाय लांब बांधायला सांगितली. साहेबांनी चिरूट शेवटपर्यंत ओढला. "सौम्य हाय," ते म्हणाले. असा सौम्य चिरूट कर लावूनसुद्धा कुणी विकत घेतला नसता.

इथवर हसण्यासारखं होतं.

त्याच दिवसांत वहिनींच्या शेडनेटमध्ये क्रॉसिंग जोरात चाललं होतं. काम वाढलं म्हणून काही नव्या बाया लावल्या होत्या, आणि सिंधूबाई त्यांना शिकवत होती. बांधापलीकडे साहेब तंबाखूची पानं तोडत होते. हिरवं पान तोडताना हाताला काळा, चिकट चीक लागतो, सहजी निघत नाही. जाळीतून त्यांना दिसलं की एक नवी बाई चिमटा चुकीचा धरते आहे. निवृत्त साहेबाला दुसऱ्याची चूक दिसणं आणि त्यानं गप्प राहणं, हे होणं नव्हतं. वहिनी तेव्हा गावात गेल्या होत्या. साहेब बांध ओलांडून आले, दार उघडून आत शिरले, बाईच्या हातातून चिमटा घेतला आणि दाराजवळच्या दोन ओळींत झाडाझाडाला हात लावत क्रॉसिंग कसं करायचं याचा वर्ग घेतला. सिंधूबाईनं बादलीकडे बोट दाखवलं होतं. साहेबांनी तिला, मधे बोलू नको, असं सांगितलं.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. काही दिवसांनी वहिनींचा फोन आला, "मॅडम, जल्दी या. पानं बराबर दिसून न्हाई राह्यली."

मी त्याच दिवशी गेले. दाराजवळच्या दोन ओळी चितकबऱ्या झाल्या होत्या. पिवळट हिरवे ठिपके, आखडलेले शेंडे. ओळखायला प्रयोगशाळेची गरज नव्हती. नमुने घेतले, पण घेतानाच मला उत्तर माहीत होतं. त्या ओळींतून बायांची बोटं पुढच्या ओळींत गेली होती, पुढच्यांतून आणखी पुढे. सगळा प्लॉट चालू होता, फळं धरली होती, काही लाल व्हायला लागली होती. वहिनी एकेका झाडापाशी थांबून पान उलटून बघत होत्या.

तेवढ्यात साहेब आले. दारातूनच त्यांनी पाहिलं आणि त्यांच्या नजरेनं चूक केली नाही. रोगाचं नाव त्यांनी माझ्याआधी घेतलं. आणि लगेच बायांकडे वळले. कुणाच्या कमरेला चंची आहे, पुढे या, म्हणाले. कुणी हात न धुता आलं, तिनं कबूल व्हावं, म्हणाले. इतक्या वर्षांचा प्लॉट एका बाईच्या चिमूटभर तंबाखूनं घालवला, म्हणाले. नव्या बाया भिऊन सिंधूबाईच्या मागे गेल्या. बोलताना साहेबांनी एक झाड हातात धरलं होतं, आणि बोटं काळी कुळकुळीत होती, नखांपर्यंत.

सिंधूबाईनं मग वहिनींना झालं ते सगळं सांगितलं. आवाज न चढवता, दोन-चार वाक्यांत. कोण आलं, कुठल्या ओळीत उभं राहिलं, बादली कुठे होती.

साहेब म्हणाले, "आगं, तो चिरुटाचा चीक. त्याच्यात..."

"चिरुटाचा आसो न्हाई तं आणिक कशाचा आसो," वहिनी म्हणाल्या. "झाड सोडा ते. अन् बाहेर व्हा."

साहेबांनी झाड सोडलं. पण बाहेर जाता जाता त्यांनी तीन कारणं सांगितली. फुलकिडे असतील, नाहीतर हवामान, आणि नर-मादीचं बियाणंच कंपनीनं यंदा कच्चं दिलं असेल. शेवटचं कारण माझ्याकडे बघून सांगितलं. जे काही त्यांच्या हातानं झालं नव्हतं ते सगळं त्यांना सुचलं.

अहवाल यायच्या आधीच वहिनींनी प्लॉट उपटायचं ठरवलं. मी थांबा म्हटलं नाही. शेजारीपाजारी आणखी शेडनेट होती, आणि याच बाया उद्या तिकडे कामाला जाणार होत्या. पुढच्या हंगामात कंपनी बियाणं देईल का, असं त्यांनी मला एकदाच विचारलं. मी म्हटलं, मी मांडीन, पण ठरवणारी मी एकटी नाही. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी बाया ओळीनं झाडं उपटत होत्या, लालसर मिरच्यांसकट, आणि वहिनी सगळ्यांच्या पुढे होत्या. अर्धा मांडव मोकळा झाल्यावर त्यांनी कमरेचा विळा काढला आणि बांधाकडे निघाल्या.

साहेब आडवे आले. मला वाटलं, आता तरी माफी मागतील. ते म्हणाले, "वहिनी, पंधरा दिवस थांबा. पानं पिकत आली. एवढी तोडून घेतो, मंग काय करायचं ते करा."

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमचे भाऊ सकाळपून जेवले न्हाईत. अन् तुम्ही पंधरा दिवस मागून राह्यले." मग बाजूनं पुढे गेल्या आणि पहिलं झाड बुडातून कापलं. सिंधूबाई मागून आली, मग बाकीच्या. वाटणी कुणाची, बांध कुणाचा, हा विषय कुणी काढला नाही. साहेबांनीही नाही. चाळीत टांगलेली पानंसुद्धा बायांनी ओढून आणली आणि कापलेल्या झाडांबरोबर मिरचीच्या ढिगावर टाकली; उरलेल्या मांडवातली मिरची त्यावर आली.

ढीग वाळेपर्यंत काही दिवस गेले. जाळायच्या दिवशी मी पुन्हा वडीगोद्रीला गेले, कारण रोगट झाडं पूर्ण जळली हे आम्हाला पाहून नोंदवावं लागतं. काडी वहिनींनी लावली. फोडणीत एक मिरची करपली तर घर रिकामं होतं, इथे अख्ख्या मांडवाच्या मिरच्या होत्या. पहिला लोट उठला तशा बाया पदर नाकाला लावून मागे पळाल्या. मी गाडीत बसून काचा वर केल्या. वहिनी कडुलिंबाखाली जाऊन ढिगाकडे पाठ करून बसल्या.

धूर बांधाकडे वळला. तिथे उगलेसाहेब उभे होते, आणि ते हलले नाहीत. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. खोकल्यानं कमरेत वाकत होते. खोकला थांबला की पुन्हा ताठ होऊन तोंड वर करत होते, डोळे मिटून. गाडीच्या काचेवर टकटक करून सिंधूबाई म्हणाली की साहेबाला लई लागलं बघा, भावजयीचं पाहून रडून राह्यले.

मी काच खाली केली नाही. मिरची आता बरीच जळून गेली होती आणि मधल्या थरातली तंबाखू धुमसायला लागली होती. वारा जरासा फिरला आणि धूर डावीकडे सरकला. साहेबांनी डोळे उघडले, धूर कुठे गेला ते पाहिलं, आणि त्याच्यामागे डावीकडे सरकले.